वाडीत माणूस नाही, मग आठशे कोटी आहेत कुठे?

प्रश्न : मी लांजा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. प्राथमिक शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. आमच्या वाडीत चोवीस घरं आहेत. गणपतीत चोवीसच्या चोवीस उघडतात, पडवीत पाय ठेवायला जागा नसते. गौरी-गणपती गेले की आठवड्याभरात पंधरा घरांना कुलपं लागतात. ज्या शाळेत मी पहिलीच्या दोन तुकड्या शिकवल्या, तिथे यंदा चौथीपर्यंत मिळून पट नऊचा आहे. इकडे बातम्यांत ऐकते की जगाची लोकसंख्या आठशे कोटींच्या पुढे गेली आणि अजून वाढतेच आहे. मला तीन गोष्टी कळत नाहीत. एवढी माणसं आहेत तरी कुठे? घरटी एक नाही तर दोन मुलं असताना संख्या वाढते कशी? आणि ही वाढ कधी थांबणार आहे की नाही? १९९१ आणि २००१ च्या जनगणनेत मी घरोघरी फिरून माणसं मोजली आहेत, म्हणून विचारावंसं वाटलं.
– एक वाचक, लांजा

उत्तर : बाई, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटलं. जनगणनेच्या आकड्यांवर आम्ही लेख लिहितो, पण तो आकडा मुळात तुमच्यासारख्या कुणीतरी उन्हात पाखाड्या चढून-उतरून आणलेला असतो. आमच्या जुन्या घराच्या दारावर गेरूने घातलेला जनगणनेचा क्रमांक कितीतरी वर्षं तसाच होता. आजी दार सारवायची, पुसायची, पण त्या क्रमांकाला हात लावायची नाही. ‘सरकारी हाय,’ म्हणायची. तेव्हा तुम्हाला उत्तर देताना आकडे जपून वापरायला हवेत.

पहिला प्रश्न, माणसं आहेत कुठे. आधी एक छोटा हिशेब करू. जगाची लोकसंख्या आज साधारण ८२० कोटी धरली आणि प्रत्येकाला उभं राहायला एक चौरस मीटर जागा दिली, तर लागतील ८,२०० चौरस किलोमीटर. तुमच्या रत्नागिरी जिल्ह्याचं क्षेत्रफळ आहे ८,२०८ चौरस किलोमीटर. म्हणजे बाणकोटच्या खाडीपासून विजयदुर्गच्या खाडीपर्यंत, मध्ये झाड नाही, घर नाही, डोंगर नाही असं मानलं, तर पृथ्वीवरचा एकूण एक माणूस, तान्ह्या बाळासकट, तुमच्या एका जिल्ह्यात उभा राहील. हा हिशेब मी पहिल्यांदा केला तेव्हा चुकला असेल म्हणून पुन्हा केला होता.

पण उभं राहणं म्हणजे जगणं नव्हे. माणसाला भात लागतो, पाणी लागतं, सरपण लागतं, गुरांना वैरण लागते. जिथे हे मिळेल तिथे माणूस दाटतो आणि जिथे मिळत नाही तो मुलूख मोकळा राहतो. त्यामुळे जगाच्या नकाशावर माणसं रांगोळीच्या ठिपक्यांसारखी सारख्या अंतरावर नाहीत. दहांतली जवळजवळ नऊ माणसं विषुववृत्ताच्या उत्तरेला राहतात. काही वर्षांपूर्वी डॅनी क्वा नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने म्यानमारच्या पूर्व भागात मध्यबिंदू धरून ३,३०० किलोमीटर त्रिज्येचं एक वर्तुळ काढून दाखवलं. त्यात हिमालय आहे, तिबेटचं पठार आहे, गोबीचं वाळवंट आहे, भरपूर समुद्रही आहे. तरीही जगातली अर्ध्याहून जास्त माणसं त्या एका वर्तुळात राहतात. तुमची वाडीही त्यातच येते.

इजिप्तचं उदाहरण शाळेतल्या मुलांना सांगण्यासारखं आहे. देश दहा लाख चौरस किलोमीटरचा, माणसं अकरा कोटींच्या वर, पण त्यांतली सुमारे ९५ टक्के नाईलच्या काठावर आणि मुखाशी, जेमतेम ५ टक्के जमिनीवर राहतात. बाकी वाळू. रात्री आकाशातून टिपलेल्या छायाचित्रात हा देश एखाद्या देठासकट कमळासारखा दिसतो. देठ म्हणजे नदीकाठच्या गावांचे दिवे, फूल म्हणजे मुखाशी पसरलेल्या गावांचे आणि शहरांचे.

चीनमध्ये हू हुआनयोंग नावाच्या भूगोलतज्ज्ञाने १९३५ साली देशाच्या नकाशावर ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे एक तिरकी रेघ ओढली. आजच्या हद्दींप्रमाणे मोजलं तर रेघेच्या पूर्वेला ४३ टक्के जमीन आणि सुमारे ९४ टक्के माणसं. नव्वद वर्षं झाली, मध्ये क्रांती झाली, दुष्काळ पडला, रेल्वे ल्हासापर्यंत गेली, तरी ते प्रमाण फारसं हललेलं नाही. कारण ती रेघ साधारणपणे पुरेसा पाऊस जिथे संपतो त्याच्या आसपासची आहे.

मला स्वतःला सगळ्यात जास्त शिकवलं ते जावा बेटाने. इंडोनेशियातलं हे बेट महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान आहे आणि त्यावर पंधरा कोटी माणसं राहतात. २०११ च्या मोजणीत आपल्या अख्ख्या महाराष्ट्रात सव्वाअकरा कोटीही नव्हती. शेजारीच बोर्निओ बेटाचा इंडोनेशियाकडचा भाग जावाच्या चौपट मोठा आहे, पण तिथे माणसं पावणेदोन कोटींच्या आसपासच आहेत. पाऊस दोन्हीकडे आहे. फरक मातीचा आहे. जावाच्या कण्यातून ज्वालामुखींची रांग गेली आहे आणि त्यांच्या राखेने ती जमीन पुन्हापुन्हा कसदार होत आली. त्या मातीत पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं घातली, वर्षाला दोन-दोन पिकं काढली. भातलावणीला हात जास्त लागतात, हात जास्त म्हणून भात जास्त, भात जास्त म्हणून तोंडं जास्त, असं चक्र शतकानुशतकं फिरलं. बोर्निओच्या जंगलाखालची माती मात्र पावसाने धुऊन निकस झालेली. झाडं तोडून पेरलं तर दोन-तीन हंगामांत थकते.

तिथल्या तेव्हाच्या डच सरकारला वाटलं, जावातली गर्दी उचलून दुसऱ्या बेटांवर नेऊन ठेवू. १९०५ पासून त्यांनी सुमात्रावर वसाहती घालायला सुरुवात केली. देश स्वतंत्र झाल्यावर इंडोनेशियाने तोच कार्यक्रम कितीतरी मोठ्या प्रमाणावर चालवला, लाखो कुटुंबं हलवली. जावा आजही तसंच भरलेलं आहे. पोती एका कोठारातून दुसऱ्या कोठारात हलवावीत तशी माणसं हलवता येत नाहीत. ती आपल्या पायांनी, आपल्या ओळखीच्या वाटेने जातात. कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

आता तुमच्याच वाडीकडे येऊ. कोकणात पाऊस धो-धो पडतो, पण जांभ्याचा कातळ आणि उतार यांमुळे पाणी चार महिन्यांत समुद्राला मिळतं. एक भाताचं पीक, थोडी नाचणी-वरी, मग रिकामे हात. म्हणून गिरण्या सुरू झाल्यापासून रत्नागिरी जिल्ह्यातला कर्ता पुरुष मुंबईची वाट धरत आला. आधी बोटीने, नंतर एसटीने, मग कोकण रेल्वेने. मागे राहिल्या बायका, म्हातारी माणसं आणि मनीऑर्डर. हे जनगणनेत स्पष्ट दिसतं. २०११ मध्ये महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, रत्नागिरीत १,१२२. मुली जास्त जन्मल्या असं नाही, मुलगे मोठे होऊन निघून गेले.

तुम्ही २००१ साली मोजलेली माणसं एका आकड्यात जाऊन बसली आहेत. रत्नागिरी जिल्हा, १६,९६,७७७. दहा वर्षांनी तो आकडा १६,१५,०६९ झाला. ऐंशी हजारांहून जास्त माणसं कमी. त्या दहा वर्षांत महाराष्ट्रातल्या तीनच जिल्ह्यांची लोकसंख्या घटली : रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मुंबई शहर. तिसरं नाव वाचून तुम्हाला आश्चर्य वाटेल. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचा जो मुंबई शहर जिल्हा, त्याची लोकसंख्या साडेसात टक्क्यांनी उतरली. गिरण्या बंद झाल्या, चाळी गेल्या, जागांचे भाव वाढले आणि परळ-लालबागचा माणूस डोंबिवली, दिवा, बदलापूर, विरारला गेला. त्याच दहा वर्षांत तेव्हाचा ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला आणि देशातला सगळ्यात जास्त लोकसंख्येचा जिल्हा ठरला. तुमच्या वाडीतली पंधरा घरं कुठे गेली याचं उत्तर मला वाटतं या दोन ओळींत आहे. गर्दी वेगळी आणि वाढ वेगळी, हे त्यातून लक्षात यावं. माणूस एकही न वाढता एका ठिकाणी गर्दी आणि दुसऱ्या ठिकाणी ओसाडी होऊ शकते.

दुसरा प्रश्न खरा अवघड. मुलं कमी, तरी वाढ कशी?

तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, ते फक्त तुमच्या वाडीपुरतं नाही. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) महाराष्ट्रात एका स्त्रीला सरासरी १.७ मुलं होतात असं दिसलं. गोव्यात १.३. सगळ्या देशाची सरासरी २. बिहारमध्ये ती ३ होती, पण तिथेही ती उतरतेच आहे. आईबापांची जागा घ्यायला सरासरी २.१ मुलं पुरतात. वरचे एक दशांश कशासाठी, तर काही मुलं मोठी होण्याआधी जातात आणि मुलींपेक्षा मुलगे थोडे जास्त जन्मतात म्हणून. म्हणजे आपण त्या खुणेच्याही खाली आलो आहोत.

मग आधी वाढ झाली कशाने, ते बघू. पूर्वीच्या बायकांना खूप मुलं व्हायची म्हणून संख्या वाढली, असा सर्रास समज आहे. पण मुलं तर हजारो वर्षं तितकीच होत होती. माझ्या पणजीला कुणी मुलांबद्दल विचारलं की ती म्हणायची, ‘झाली नऊ, राहिली चार.’ त्या पिढीतल्या बहुतेक बायकांचं उत्तर याच साच्याचं असायचं, आकडे तेवढे वेगळे. झालेली आणि राहिलेली यांच्यातलं अंतर म्हणजे माणसाच्या लोकसंख्येचा आजवरचा इतिहास. ते अंतर मोठं होतं तोवर जगाची संख्या मुंगीच्या पावलांनी वाढली. शंभर कोटींचा टप्पा गाठायला १८०४ च्या आसपासचं साल उजाडावं लागलं. दोनशे कोटी झाले १९२७ च्या सुमारास, तीनशे १९६० मध्ये. पुढे एकोणचाळीस वर्षांतच, १९९९ मध्ये, ते दुप्पट होऊन सहाशे झाले. १५ नोव्हेंबर २०२२ ला संयुक्त राष्ट्रांनी आठशे कोटींचा दिवस पाळला.

भारतात हे वळण कुठे आलं ते सालासकट सांगता येतं, १९२१. त्याआधीच्या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी थोडी घटली होती. १९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरातून इन्फ्लुएन्झाची साथ शिरली, पावसाळ्यानंतर तिची दुसरी लाट आली, आणि देशभरात मिळून एक कोटीहून कितीतरी अधिक माणसं गेली. त्या दशकात भारतीय माणसाचं सरासरी आयुर्मान वीस वर्षांच्या आसपास होतं. याचा अर्थ लोक विशीत मरत असत असा नव्हे. असंख्य मुलं पाळण्यातच जात आणि त्यांचं शून्य-एक वय सरासरीला खाली ओढी. जी पाचव्या वर्षाच्या पुढे जात, ती या सरासरीपेक्षा बरीच जास्त जगत.

१९२१ नंतरच्या एकाही जनगणनेत देशाची लोकसंख्या घटलेली नाही. म्हणून अभ्यासक त्या सालाला महाविभाजनाचं वर्ष म्हणतात. १९५१ मध्ये ३६ कोटी, २०११ मध्ये १२१ कोटी. मधल्या काळात काय झालं? प्लेग आटोक्यात आला. त्याची लस हाफकिनने मुंबईतच, १८९७ साली तयार केली होती. देवीची लस खेड्यापाड्यांत गेली आणि १९७५ मध्ये देशातला देवीचा शेवटचा रुग्ण नोंदला गेला. डीडीटीच्या फवाऱ्याने हिवताप मागे हटला. विहिरीत औषध पडू लागलं. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीने माणसं पटापट मरत असताना सलाईन संपलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ते पिंपांतून वाटलं, आणि मृत्यूंचं प्रमाण एकदम खाली आलं. जुलाबाने सुकून जाणारं मूल घरातल्या मीठ-साखरेच्या पाण्याने वाचतं हे ज्ञान नंतर जगभर गेलं. तुम्ही शाळेत मुलांकडून ते घोकून घेतलं असेलच. लोकसंख्येचा स्फोट म्हणून ज्याला नाव ठेवलं, तो या वाचलेल्या मुलांचा मेळा होता. मला त्या शब्दाची चीड येते ती म्हणूनच.

मरण आधी घटलं, जन्म मागाहून घटले. मधे एक-दोन पिढ्यांचं अंतर राहिलं आणि त्या अंतरात सगळी वाढ झाली. अंतर का राहिलं? कारण नऊ झाली तर चार राहतात हे जिने पाहिलं आहे, ती दोनांवर थांबण्याचं धाडस करत नाही. मूल राहणार याची खात्री आधी पटावी लागते. मग मुलगी शाळेत जाते, लग्न दोन-चार वर्षं लांबतं, आणि थांबण्याचं साधन हाताशी असतं. हे तीन-चार धागे एकत्र आले की जन्मदर सक्तीशिवाय खाली येतो. केरळात आला, बांगलादेशात आला. बांगलादेशात सत्तरच्या दशकात एका स्त्रीला सहाच्या वर मुलं होत, आज दोनाच्या आसपास. तिथे गावोगावच्या बायकाच घरोघर जाऊन साधनं पोचवत होत्या आणि अंगणात बसून बोलत होत्या.

साधनाच्या बाबतीत आपल्या भाषेत एका माणसाचं ऋण आहे. र. धों. कर्वे, गणिताचे प्राध्यापक, घराणं तुमच्याच जिल्ह्यातल्या दापोलीजवळच्या मुरूडचं. त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं ते १९२१ मध्येच, ज्या वर्षापासून देशातली माणसं वाढू लागली त्याच वर्षी. नोकरी गेली, खटले झाले, लोकांनी तोंड फिरवलं. १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. मूल कधी आणि किती, हे त्या बाईने ठरवायचं, हा त्यांचा आग्रह होता.

त्याच्या अगदी उलट टोक १९७६ मध्ये दिसलं. आणीबाणीतल्या त्या वर्षभरात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, कितीतरी जबरदस्तीने. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर ठरावीक मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयकही संमत केलं होतं. राष्ट्रपतींची मान्यता न मिळाल्याने ते अंमलात आलं नाही. त्या धसक्याने खेड्यातले लोक पुढे कितीतरी वर्षं आरोग्यसेवक दिसला तरी शेतात पळत. चीनच्या एका मुलाच्या सक्तीचं लोक कौतुक करतात, पण तिथला जन्मदर सक्ती येण्याच्या आधीच्या दहा वर्षांत निम्म्याहून खाली आला होता. आता तिथे तीन मुलांची मुभा आहे, तरी पाळणे रिकामेच आहेत.

आता तुमच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर. फळ्यावर मांडतो तसं मांडतो. एका गावात शंभर आजी-आजोबांच्या जोड्या आहेत, म्हणजे दोनशे माणसं. प्रत्येक जोडीची चार मुलं राहिली. झाली चारशे. त्यांची लग्नं झाली, दोनशे जोड्या झाल्या. या जोड्या शहाण्या, दोनच मुलांवर थांबल्या. तरी नातवंडं किती? चारशे. आता गावात आजी-आजोबा म्हणून जाणारे दोनशे आणि पाळण्यात येणारे चारशे. कुणीही दोनाच्या वर मूल होऊ दिलं नाही, तरी गाव दोनशेने वाढलं. पुढच्या पिढीत चारशे जातील, चारशे येतील, तेव्हा कुठे वाढ थांबेल. त्यात पूर्वी साठीत जाणारे आजोबा आता ऐंशीपर्यंत जगतात, तेवढी माणसं आणखी दिसतात. चालती एसटी ब्रेक दाबल्यावरही थोडी पुढे जाऊन थांबते. आज जन्म देणाऱ्या वयात असलेल्या स्त्रिया वीस-तीस वर्षांपूर्वी जन्मल्या, तेव्हाच आजच्या वाढीचा बराचसा हिशेब ठरून गेला होता.

म्हणूनच २०२३ च्या एप्रिलमध्ये भारताने चीनला मागे टाकलं ही बातमी आली तेव्हा, आपल्याकडे मुलं फार होतात म्हणून हे झालं, अशी जी चर्चा ऐकू आली ती चुकीची होती. आपल्याकडे तरुण जास्त आहेत म्हणून ते झालं. चीनचे तरुण कमी होत गेले आणि २०२२ पासून त्यांची लोकसंख्याच घटू लागली.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तसं लवकर देता येतं. हो, थांबणार आहे. वाढीचा वेग सगळ्यात जास्त होता तो साठच्या दशकात, वर्षाला दोन टक्क्यांच्या वर. आता तो एका टक्क्याच्या आत आहे. अजून दर मिनिटाला जगात सुमारे अडीचशे बाळं जन्मतात आणि सव्वाशेच्या आतबाहेर माणसं जातात, म्हणून संख्या चढते आहे. संयुक्त राष्ट्रांचा २०२४ चा अंदाज असा की २०८० नंतरच्या काही वर्षांत ती १,०३० कोटींच्या जवळ जाईल आणि मग हळूहळू उतरेल. भारताचं शिखर त्याआधी, २०६० नंतर लवकरच, १७० कोटींच्या आसपास. अंदाज म्हणजे काही पंचांग नव्हे, पण आज जन्मलेली मुलं मोजलेली आहेत, त्यामुळे पुढची तीस-चाळीस वर्षं बऱ्यापैकी दिसतात.

यापुढची वाढ मुख्यतः आफ्रिकेत होईल, सहाराच्या दक्षिणेला. तिकडे बोट दाखवून बोलणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. आफ्रिका खंड भारताच्या नऊपट मोठा आहे आणि तिथे माणसं दीडशे कोटी, जवळजवळ आपल्याइतकीच. दर चौरस किलोमीटरला तिथे पन्नास, इथे चारशेच्या वर. आणि ‘झाली’ व ‘राहिली’ यांच्यातलं अंतर तिथे आपल्यानंतर मिटू लागलं. नायजरमध्ये आजही एका स्त्रीला सहाच्या आसपास मुलं होतात. आपल्या पणजीच्या पिढीतल्या आकड्यांशी तो जुळतो, आणि पणजीची कारणंही तिथल्या बाईला लागू आहेत.

दुसऱ्या टोकाला दक्षिण कोरिया. २०२३ मध्ये तिथे एका स्त्रीमागे ०.७२ मूल. जपानमध्ये त्याच वर्षीच्या पाहणीत नव्वद लाख रिकामी घरं सापडली. त्यांना तिथे ‘अकिया’ म्हणतात, रोजच्या बोलण्यातला शब्द झाला आहे. शिकोकू बेटावरच्या नागोरो गावातली शाळा २०१२ साली शेवटची दोन मुलं बाहेर पडली तेव्हा बंद झाली. गावातल्या एका बाईने कापडाच्या बाहुल्या शिवून त्या वर्गात बाकांवर बसवल्या आहेत, फळ्याजवळ शिक्षकही बसवले आहेत. तुमच्या पत्रातला नऊचा पट वाचला तेव्हा मला तो वर्ग आठवला.

तरी तुमची शाळा आणि ती शाळा यांत फरक आहे. तिथे मुलं जन्मलीच कमी. तुमच्या वाडीतली मुलं कमी जन्मली हे खरं, पण त्यांतली बरीच दिव्याच्या नाही तर नालासोपाऱ्याच्या एखाद्या शाळेत, सत्तर-ऐंशींच्या वर्गात दाटीवाटीने बसलेली आहेत. एकाच घरातलं मूल, एका पटावरून उतरून दुसऱ्या पटावर चढलेलं. तुमच्याकडे वर्ग आहे, फळा आहे, मुलं नाहीत. तिथे मुलं आहेत, बसायला बाक नाही. हे दुरुस्त करणं लोकसंख्या कमी करण्याने होणारं नाही. वाडीत बारमाही पाणी, जवळ चालणारा दवाखाना आणि तरुणाला हाताला काम असेल तर होईल. पट वीसच्या आत गेला म्हणून शाळा मिटवली तर राहिलेली नऊ घरंही मुलांच्या शिक्षणासाठी उठतील, आणि मग कुणी परत येण्याची वाटच बुजेल.

देशात २०२१ ला व्हायची जनगणना राहून गेली. आता १ मार्च २०२७ चा मुहूर्त धरून ती होणार आहे, म्हणजे घरोघरची मोजणी फेब्रुवारीत. फेब्रुवारीत गणपती नाहीत, शिमगाही मार्चमध्ये. तेव्हा तुमच्या पंधरा घरांना कुलपंच असणार आणि त्यांतली माणसं ठाणे-पालघरकडे कुठेतरी मोजली जातील, ते बरोबरही आहे. या खेपेला प्रगणकाच्या हातात कागदांऐवजी मोबाइल असेल. बहुधा एखादी तरुण शिक्षिकाच येईल, बाहेरगावची, वाडीच्या वाटा माहीत नसलेली. जमलं तर तिच्याबरोबर फिरा. कुठल्या घरात खरोखर कुणी नाही आणि कुठल्या घराच्या पुढच्या दाराला कडी असली तरी मागच्या पडवीत कमी ऐकू येणारी एकटी म्हातारी बसलेली असते, हे तुमच्याशिवाय तिला कोण सांगणार? तिथे कडी पुन्हा एकदा वाजवायला सांगा.